वारज्याच्या काश्मीरमधले हातमोजे

वडिलांच्या शर्टाची बटणं रोज सकाळी आई लावायची. लाड म्हणून नाही. वडील बर्फाच्या कारखान्यात लाद्या वाहायचे. हाताला गोणपाट गुंडाळलं तरी बोटांची टोकं उघडी ठेवावीच लागत, नाहीतर लादी निसटते. अशी वर्षं गेली आणि त्यांच्या बोटांना बटण कुठे आहे तेच कळेनासं झालं. उन्हाळ्यात काम जास्त. सगळं पुणं उसाचा रस पीत असायचं, तेव्हा आमच्या नदीकाठच्या खोलीत वडील कुडकुडत शिरायचे. मी त्यांना टेकून झोपायचे. त्यांच्या अंगाला बर्फाचा वास यायचा. बर्फाला वास नसतो, हे पुढे कॉलेजात शिकले. पण अजूनही कधी डोळा लागता लागता तो वास येतो.

आमच्या घरात कॉलेजात गेलेली पहिली मी. हे मी सगळ्यांना सांगते. काही लोकांना वाटतं, किती वेळा सांगणार. मी म्हणते, अजून पुष्कळ वेळा. बी.एस्सी. केलं, मग इंडस्ट्रियल सेफ्टीचा डिप्लोमा, आणि सेफ्टी ऑफिसर झाले. सेफ्टी ऑफिसरचं काम सांगायला सोपं आहे. माणूस सकाळी जेवढा आला, तेवढाच्या तेवढा संध्याकाळी घरी गेला पाहिजे.

ही गोष्ट वारज्याच्या पुढे, हायवेला लागून असलेल्या एका आइस्क्रीमच्या गोदामातली आहे. तिथली कोल्ड रूम उणे वीसला चालते. कामगार तिला काश्मीर म्हणतात. "काश्मीरला जाऊन येतो," असं म्हणून माणूस जाड कोट चढवतो आणि दाराआड नाहीसा होतो. दार उघडलं की धुकं बाहेर येतं आणि पायांभोवती घोटाळतं. आत उंच रॅक, त्यावर खोक्यांचे ढीग, सगळ्यावर बारीक पांढरी भुकटी. पंख्यांचा एकसुरी आवाज. बोललेलं लांब गेल्यासारखं वाटतं. समोरून येणारं माणूस आधी श्वास म्हणून दिसतं, मग माणूस म्हणून. बाहेर एप्रिलचं ऊन पत्र्यावर तडतडत असतं आणि आत वर्षभर एकच ऋतू. मी पहिल्यांदा आत गेले तेव्हा कशाला आले तेच विसरले. नुसती उभी राहिले. वाटलं, आपण कुणाच्या तरी झोपेत शिरलोय.

पण थंडी ही अशीच गोडीने बोलते. ती आधी गुंगी देते, मग बोटं मागते.

रेखाताई तिथे पिकर होती. पिकर म्हणजे ऑर्डरप्रमाणे रॅकवरून खोकी काढायची, स्कॅनरने बारकोड वाचायचा, आणि खोकं कुठल्या दुकानाला जाणार त्याचा स्टिकर सोलून त्यावर चिकटवायचा. या कामात स्टिकर सोलणं सगळ्यात नाजूक. आत काम करणारी ती पहिली बाई. तिला आत घ्या, असं प्रपोजल माझंच होतं.

त्या एप्रिलमध्ये एका दुपारी ती बाहेर आली, हातमोजे आत काढून ठेवलेले, आणि दोन्ही हात समोर धरून त्यांच्याकडे बघत राहिली. दुसऱ्या कुणाचे हात बघावेत तशी. बोटांची टोकं मेणबत्तीसारखी पांढरी.

"मॅडम," ती म्हणाली, "हात हाय का न्हाई तेच कळंना."

अर्ध्या तासाने बोटं लाल झाली, सुजली, खाजायला लागली. कंपनीच्या डॉक्टरांनी बघितलं. याला चिलब्लेन म्हणतात, थंडीने बोटांतल्या बारीक रक्तवाहिन्यांना होणारा त्रास. "आता सुधारेल," ते म्हणाले. "बरी झाली की आत जाऊ दे. पण पुढच्या तपासणीत बोटं अशीच दिसली, तर मी हिला आत सोडणार नाही."

आमचे प्लँट मॅनेजर गोखले सर. सदाशिव पेठेतले. जपून बोलतात, शब्दांना भाडं पडत असल्यासारखे.

"मग आवार झाडायला द्या तिला," ते म्हणाले. "बायकांना आत घ्यायचं खूळ आपलंच ना?"

"खूळ नाही सर, प्रपोजल."

"तेच म्हणतोय मी."

"हातमोजे बदलून बघू द्या. तपासणीपर्यंत."

"बघा. आणि तपासणीत नापास झाली की हा विषय पुन्हा माझ्या टेबलावर नको. ती नाही आणि दुसरी कुठली बाईही नाही."

रेखाताईला सांगितलं तर ती हसली नाही. एरवी ती कशालाही हसायची.

"मला झाडू नगं मॅडम. आमच्या रानात आता बिल्डिंगी हाईत. तितं माझी जाऊ दुसऱ्याच्या पार्किंगमदी झाडू मारती. हितं मी लेबल वाचून गाडी भरते. ड्रायव्हर मला इचारून गाडी लावत्यात. म्हनत्यात, रेखाताई, लावू का?"

मी शनिवार पेठेत गेले. तिथे सेफ्टीच्या सामानाचं एक जुनं दुकान आहे. बूट, हेल्मेट, दोर, हातमोजे. मालक काकांना मी सांगितलं, उणे वीसला ऊब पाहिजे आणि कागदाचा कोपरा नखाने उचलता आला पाहिजे.

काकांनी चष्म्यावरून बघितलं. "म्हणजे सगळे गुण एकातच पाहिजेत. मॅडम, हातमोजे घेताय की जावई?"

पण माणूस भला. सगळी खोकी काउंटरवर ओतली.

हातमोज्याची अडचण अशी असते. ऊब कापडात नसते, कापडात अडकलेल्या हवेत असते. हवा जास्त हवी म्हणजे मोजा जाड हवा. जाड झाला की बोट आंधळं होतं. पातळ घ्यावा तर बोटाला दिसतं, पण ते गारठतं. या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी उभं राहायचं.

आधी जाडे घेतले. रेखाताई म्हणाली, "हे म्हंजी दोन उशा घालून सुईत दोरा ववायचा." स्टिकर खोक्याऐवजी मोज्यालाच चिकटायचा. मग ती दातांनी मोजा ओढायची, उघड्या बोटाने स्टिकर सोलायची. मोजा काढावा लागला की त्याची ऊब काय कामाची?

मग पातळ घेतले, तळव्यावर रबराचे ठिपके असलेले. काम झटपट व्हायला लागलं. बोटंही झटपट गारठली.

शेवटी दुहेरी जोड मिळाला. आत लोकरीचा पातळ मोजा, त्याला लायनर म्हणतात. वर जाड मोजा, त्यात चारही बोटं एकत्र राहतात, एकमेकांना ऊब देतात. त्याची टोपी मागे उलटली की लायनर घातलेली बोटं बाहेर येतात. स्टिकर सोला, टोपी परत ओढा. मापही बघून घेतलं. आमच्या स्टोअरमध्ये तोवर फक्त लार्ज यायचे. रेखाताईची बोटं त्यात निम्म्यावर संपायची, पुढे रिकामं टोक लोंबायचं. तिला स्मॉल घेतला, पण घट्ट नाही. घट्ट मोजा हवा पिळून काढतो आणि रक्तही अडवतो.

मी आधी स्वतः वापरून बघितले. माझा जोड कोटाच्या खिशात असायचा. दारातून आत गेले, मोजे चढवले आणि रॅकच्या गल्ल्यांतून हिंडत स्टिकर सोलत राहिले. काय ती दुपार! श्वासाचे ढग पुढे चालत होते, मी मागे. भिंतीवर बर्फाची पानं उगवली होती. हात उबदार, बोटं मोकळी. मी मनात म्हटलं, सापडला.

रेखाताईला तसाच जोड दिला. आठवडाभर विचारत राहिले. ती टाळायची. मग एकदा तिने नुसते हात पुढे केले. टोकं पुन्हा पांढरी.

गोखले सरांना कळलंच. "तुम्हाला ऊब, तिला गारठा. मोजा तोच. मग फरक कशात राहिला, तुम्ही सायन्सवाल्या सांगा."

रेखाताईनेही मनाशी ठरवून टाकलं होतं. "माझं रगतच थंड असंल मॅडम. तुमी कशाला जीव काढता? ऱ्हाऊ द्या."

मला ते पटेना. बी.एस्सी. झालेल्या बाईने 'रगत थंड' हे उत्तर घ्यायचं नसतं. दुसऱ्या दिवशी तिची शिफ्ट सुरू होताना मी तिच्याबरोबर आत गेले. काहीच करायचं नाही, फक्त बघायचं.

दाराच्या आतल्या भिंतीवर खुंट्यांची रांग आहे. तिथे सगळ्यांचे हातमोजे टांगलेले असतात. धुक्यात ते हात वर करून निजलेल्या माणसांसारखे दिसत होते. मी रोज त्यांच्यासमोरून गेले होते. रेखाताईने खुंटीवरून तिचा जोड काढला, हात आत घातले. मी खिशातून माझा काढला.

आणि मी थांबले.

"रेखाताई, तुझे मला दे. माझे तू घाल."

"तुमचं व्हय? बसतील का?"

"घाल तर."

तिच्या मोज्यात मी हात घातला आणि श्वासच अडकला. रात्रभर उणे वीसला टांगलेली लोकर. त्यात कालचा घाम, त्याचाही बर्फ झालेला. माझ्या बोटांची सगळी ऊब त्या मोज्याने एका घोटात पिऊन टाकली. तिकडून रेखाताईचा आवाज आला.

"आई गं! ह्यात कुनी शेगडी ठेवली व्हती का?"

हातमोजा काही चूल नाही. तो ऊब करत नाही, आपण दिलेली राखतो. आम्ही त्याला रोज बर्फ देत होतो आणि तो इमानाने बर्फ राखत होता.

मोजे आत टांगायचा नियम गोखले सरांचा. त्यामागे कारण होतं. पूर्वी एकदा स्वच्छतेच्या ऑडिटला बाहेरचे साहेब आले, तेव्हा एक हातमोजा कँटीनमध्ये मिसळीच्या ताटाशेजारी सापडला. त्याला तर्रीही लागली होती. तेव्हापासून हुकूम निघाला, कामगारांचा हातमोजा दाराबाहेर येणार नाही. आतलं आत, बाहेरचं बाहेर. हे असलं सोवळं आमच्या लोकांना कोणी नव्याने शिकवायला लागत नाही. सगळे निमूट पाळत होते. जुने पुरुष कामगारसुद्धा. त्यांचीही बोटं गारठायचीच. ते फक्त कुणाला दाखवत नव्हते.

मी सरांच्या केबिनमध्ये गेले. "सर, मोजे मधल्या खोलीत ठेवायचे." मधली खोली म्हणजे कोट चढवायची, कोल्ड रूम आणि बाहेरचं दार यांच्यामधली. "बंद कपाट, आत छोटा हीटर. मोजे वाळतील, गरम राहतील. प्रत्येकाला लायनरचे दोन जोड. चहाच्या सुट्टीत ओला काढायचा, कोरडा घालायचा."

"म्हणजे आता मोज्यांना शेक."

"हो."

"उद्या त्यांना मालिश लागेल. आणि ते पुन्हा मिसळ खायला गेले तर?"

"मधल्या खोलीच्या बाहेर मोजा दिसला, तर मी स्वतः येऊन तुमच्यासमोर उभी राहीन."

त्यांनी समोरची फाईल ओढून घेतली. मी म्हटलं, "सर, एकदा आत चला."

ते आले. धुक्यात त्यांचा चष्मा पांढरा झाला आणि क्षणभर ते कुणीही असू शकले असते. मी खुंटीवरचा एक जोड त्यांना दिला. स्टिकरचा रोल पुढे केला. पहिला स्टिकर त्यांनी सोलला. दुसऱ्याचा कोपरा सापडेना. तिसऱ्याला रोलच हातातून पडला. रेखाताईने तो उचलला, त्यांच्याकडे न बघता. मग मी खिशातला गरम जोड त्यांना दिला. ते बराच वेळ हात एकमेकांवर ठेवून उभे राहिले. पंखे गुणगुणत होते. बाहेर पडताना म्हणाले, "कपाट किती रुंद लागेल?"

जाता जाता त्यांनी आणखी एक काम केलं, आणि त्याचं श्रेय त्यांचंच. स्टिकर पुरवणाऱ्याला फोन करून सांगितलं, प्रत्येक स्टिकरचा एक कोपरा बिनगोंदाचा ठेवा. "मोज्याला धरता आला पाहिजे. आम्ही नखं वाढवून बसलेलो नाही."

तपासणीच्या दिवशी डॉक्टरांनी रेखाताईच्या बोटांची टोकं एकेक करून दाबली. दाबलं की पांढरं, सोडलं की लगेच गुलाबी. मी शेजारी उभी होते. तिने डोळे मिटून घेतले होते, परीक्षेचा निकाल ऐकताना मिटतात तसे.

"चालू दे," डॉक्टर म्हणाले.

ती तशीच उठली, कोट चढवला, कपाटातून मोजे घेतले आणि धुक्यात गेली. बाहेर कुठलातरी ड्रायव्हर ओरडत होता, "रेखाताई, लावू का?"

धडा विचाराल तर एवढाच आहे. वस्तू निवडताना ती वापरात कशी आहे हे सगळेच बघतात. वापरात नसते तेव्हा कुठे टांगलेली असते, तेही एकदा बघावं.

रेखाताई आज त्या कोल्ड रूमची शिफ्ट इनचार्ज आहे. तिच्या हाताखाली बायकाही आहेत आणि पुरुषही. कपाट बसल्यापासून आत कुणाचंही बोट पांढरं पडलेलं नाही.