सत्तरच्या पुढचे छत्तीस

फ्रीमाँटच्या कम्युनिटी कॉलेजात मी इतके कोर्स केले, की पार्किंग लॉटमधली बदकं मला प्रोफेसर समजून वाट सोडायची. यात मी थोडी भर घातली आहे, पण थोडीच. अकाउंटिंग, स्टॅटिस्टिक्स, इंग्लिशचे तीन, भूगर्भशास्त्र, पब्लिक स्पीकिंग, आणि मातीची भांडीसुद्धा. माझा एक वाडगा इतका जड झाला होता, की तो भट्टीतून काढायला दोघं लागले. पब्लिक स्पीकिंगमध्ये ए मिळाला तेव्हा नवऱ्याला काडीचंही आश्चर्य वाटलं नाही.

नवरा पुण्याचा, सॉफ्टवेअरमधला, वर्क व्हिसावर आलेला. मी त्याच्या व्हिसाला चिकटलेली बायको. मला नोकरीची परवानगी नव्हती, शिकायची होती. नागपूरला बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला लग्न झालं आणि डिग्री राहून गेली. दाढेत बडीशेप अडकावी तशी ती अडकून बसली होती. जीभ सारखी तिथेच जायची.

इथेच उरकायचा सल्ला तिथल्या मराठी मंडळातल्या काकांचा. रिटायर्ड डॉक्टर, पस्तीस वर्षांपूर्वी आलेले. घर कुठे घ्यावं, गाडी कुठली घ्यावी, दाढ कुणाकडे काढावी, सगळं आम्ही काकांना विचारून करायचो. काकांना न विचारता शिंकलेला माणूस माझ्या पाहण्यात नाही. एका रविवारी पॉटलकला, म्हणजे ज्यानं त्यानं आपला पदार्थ आणायच्या जेवणाला, साबुदाणा वडा मोडता मोडता ते म्हणाले, "युनिव्हर्सिटीत जायची घाई करू नकोस. होईल तितकं इथेच उरकून घे. तिकडे फक्त शेवटचा हात फिरवायचा."

"कोर्स निवडून द्यायला कॉलेजात काउन्सेलर आहे, काका. तिलाही विचारून घेऊ का?"

"विचार की. पंचवीस वर्षांची पोरगी ती. आता ती मला शिकवणार."

सगळे हसले, मी सगळ्यांत मोठ्यानं. काकांनी सांगितल्यावर पुन्हा परक्या बाईला विचारायचं, म्हणजे काकांच्या ताटातला वडा हुंगून बघण्यासारखं. मी गेले नाही.

दर कोर्सामागे तीन-चार करत एकशे सहा क्रेडिट्स जमवले. डिग्रीला लागतात एकशे वीस. उरले चौदा, म्हणजे एक सेमिस्टर. नवऱ्याच्या व्हिसाचं सहावं आणि शेवटचं वर्ष सुरू होणार होतं. त्याच्या कंपनीनं ग्रीन कार्डाचा अर्ज केलाच नव्हता, त्यामुळे पुढच्या जूनमध्ये आम्हाला परत जायचं होतं. माझ्या हिशेबानं मी ख्रिसमसलाच ग्रॅज्युएट होऊन वर सहा महिने मिरवणार होते.

युनिव्हर्सिटीच्या ऑफिसातल्या बाईंनी माझा ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे सगळ्या कोर्सांचं गुणपत्रक, दोनदा वाचला. फार चांगल्या होत्या बिचाऱ्या. "कम्युनिटी कॉलेजचे आम्ही जास्तीत जास्त सत्तर धरतो," त्या म्हणाल्या.

"आणि वरचे छत्तीस?"

"ते कागदावर दिसतील. मोजले जाणार नाहीत."

"मग मातीची भांडी काढा. भूगर्भ ठेवा."

"काहीही काढलं तरी सत्तरच राहणार. कॉलेजातल्या काउन्सेलरनं सांगितलं नाही तुम्हाला?"

इथे मला काहीतरी बोलायला हवं होतं. पब्लिक स्पीकिंगचा ए कुठे तोंड लपवून बसला होता, कोण जाणे.

गाडी फ्रीवेला लागली तेव्हा नवरा म्हणाला, "पन्नास राहिले. दोन सेमिस्टर हातात आहेत. किती घेता येतील?"

"अठरा. त्याच्यावर घेऊ देत नाहीत."

"छत्तीस झाले."

"मला येते बेरीज. स्टॅटिस्टिक्समध्येही ए आहे."

घेतले. अठरा आणि अठरा. त्या वर्षात मी जेवले कधी हे मला आठवत नाही, आणि नवरा म्हणतो की तो तर जेवलाच नाही. मे महिन्यात सत्तर अधिक छत्तीस, एकशे सहा झाले. वर्षभर धावून मी होते तिथेच येऊन उभी राहिले. चौदा कमी. भारतात बसून पुरे करता येतील का, असं विचारलं. नाही, वर्गात यावं लागेल, म्हणाले.

निरोपाच्या जेवणाला काका आले. त्यांचे हात तोवर थरथरायला लागले होते. त्यांनी पिशवीतून एक लाकडी फ्रेम काढली. डिग्रीसाठी, खास दुकानात जाऊन आणलेली.

"सांगितलं होतं ना तुला? शेवटचा हात फिरवायचा, बास."

नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं आणि मग ताटाकडे.

"हो काका," मी म्हटलं. "सगळं तुमच्यामुळेच."

टाळ्या झाल्या. मी आयुष्यभर थापा मारत आले आणि दर वेळी कुणीतरी पकडलं. या एका थापेला कुणीही पकडलं नाही.

फ्रेम आता पुण्यात आहे. ती तिकडच्या कागदाच्या मापाची. आपला कागद तिच्यात लांबीला मावत नाही आणि रुंदीला फट सोडतो. त्यामुळे दुकानातून आला तो नमुन्याचा कागद अजून आत आहे, नावाच्या जागी नुसती रेघ असलेला. फ्रेम कपाटावर पालथी पडलेली असते.

दिवाळीला काकांचा फोन येतो. आवाज बारीक झालाय, पण प्रश्न तोच. "लावलीस का गं?"

"लावली, काका. हॉलमध्येच. दारातून शिरलं की समोर दिसते."