‘हो मॅडम’ला मनाई करणाऱ्या मॅडम

फरीदा मॅडमशी माझी पहिली ओळख झाली ती त्यांच्या कपाळाशी आणि छताच्या पंख्याशी. मुलाखत व्हिडिओवर होती. त्यांचा कॅमेरा वर बघत होता आणि मी पिशोरच्या आमच्या घरात मोबाइल उंच धरून उभी होते. मॅडमची कंपनी मशीनच्या भागांची ड्रॉइंग करते. तिला ऑफिस नाही. माणसे आपापल्या गावी आणि काम इंटरनेटवर. डिप्लोमाच्या मार्कांबद्दल त्यांनी अवाक्षर काढले नाही. एवढेच विचारले, “घरात रेंज कुठं येते? आणि तिथं तुम्हाला बसू देतात का?”

नेमके दुखण्यावर बोट! रेंज फक्त ओसरीत येई आणि ओसरीत माझे सासरे बसत. मॅडमनी त्यांनाच फोनवर बोलावून घेतले. “काका, तुमच्या सूनबाईंना कामावर घेतेय. पण त्यांची जागा तुमच्याकडं आहे. देता का?”

सासरे आधी गोंधळले, मग खुलले. “घ्या की! मी लिंबाखाली बसतो. तिथं लई गार असतं.”

लग्नानंतर माळ्यावर पडलेले माझे शिक्षण त्या दिवशी ओसरीत आले. मॅडमचे हे उपकार मी कधीच विसरणार नाही.

दूर बसून एकत्र काम करायची साधने आज कोणालाही मिळतात. व्हिडिओ मीटिंग, ग्रुप, सगळ्यांना एकाच वेळी उघडता येणारे ड्रॉइंग, सगळे विकत मिळते. बोलण्याची हिंमत मात्र विकत मिळत नाही. ती मॅडमनी आम्हाला दिली, आणि तीही एका फजितीतून.

मी नवीन असतानाची गोष्ट. मॅडमनी केलेल्या ड्रॉइंगमध्ये एक भोक चुकीच्या बाजूला पडले होते. ते बिडकीनहून काम करणाऱ्या शबानाला दिसले, लासूर स्टेशनच्या ज्ञानेश्वररावांना दिसले, मलाही दिसले. आम्ही एकमेकांना फोन करून त्यावर भरपूर चर्चाही केली. पण मोठ्या माणसाला चारचौघांत टोकायचे कसे? मीटिंगमध्ये सगळ्यांनी अदबीने ‘हो मॅडम’ म्हटले आणि माइक बंद केले. पुढे कारखान्यात तो भाग तसाच कापला गेला आणि भंगारात गेला.

मॅडमनी मीटिंग बोलावली. “कुणाकुणाला दिसलं होतं?” पडद्यावर हळूहळू सगळे हात वर झाले. आता खरडपट्टी निघणार म्हणून आम्ही माना खाली घातल्या, तर मॅडम हसत होत्या. “चूक माझी आणि अदब तुमची! दोघींनी मिळून लोखंडाची वाट लावली की हो.”

त्या दिवसापासून कंपनीत ‘हो मॅडम’ला मनाई झाली. सर्वांत नवीन माणसाने आधी बोलायचे, मॅडमनी शेवटी. शंका आली की फोनवर कुजबुजायचे नाही, सगळ्यांना दिसेल अशी ड्रॉइंगवरच लिहायची. “इथं गप्प बसणं म्हणजे होकार नाही,” हे त्यांचे वाक्य आम्हाला आता तोंडपाठ आहे.

या शिस्तीची खरी परीक्षा पुढे झाली. एक मोठा कारखाना वर्षभराचे काम द्यायला तयार होता, पण एका अटीवर: सगळी माणसे शहरात एका हॉलमध्ये बसली पाहिजेत. पिशोरहून रोज शहरात जाणे मला शक्य नव्हते. शबानाचे मूल तान्हे होते. अट राहिली तर आमची कामे जाणार होती. मॅडमनी कारखान्याच्या साहेबांना गळ घातली, की आधी आमची एक मीटिंग बघा आणि मग अटीचे ठरवा.

साहेब मंडळी पडद्यावर बसली. मॅडमनी स्वतः केलेले ड्रॉइंग उघडले, आणि मला घाम फुटला. त्यातले मशीनचे हँडल फिरवताना शेजारच्या खांबाला अडकणार होते! बोलावे तर साहेबांसमोर मॅडमची शोभा आणि आमच्या भाकरीवर पाणी. गप्प बसावे तर नियम माझ्याकडेच बघत होता. सर्वांत नवीन मीच होते. मी ड्रॉइंगवर लिहिले, ‘मॅडम, हँडल खांबाला अडकेल.’

लगेच मॅडमचा खणखणीत आवाज आला, “शाब्बास! चला, मंडळी, सुधारा!” ज्ञानेश्वररावांनी लासूरहून हँडल दुसऱ्या बाजूला घेतले, शबानाने बिडकीनहून मापे बदलली, मी खांबापासूनचे अंतर तपासले. साहेबांच्या डोळ्यांदेखत तीन गावांनी मिळून एक ड्रॉइंग बिनचूक केले.

मोठे साहेब म्हणाले, “आमच्याकडं एका हॉलमध्ये बसलेली माणसंसुद्धा एकमेकांशी इतकं बोलत नाहीत. हॉलची अट काढून टाका.” आमच्या ओसरीत मी आनंदाने किंचाळले, आणि सासरे लिंबाखालून धावत आले. “काय झालं व्हय?” काय झाले ते सांगायला मला आधी रडू आवरावे लागले.

आज मॅडमना साठ वर्षे पूर्ण होत आहेत. कोणाच्या अटीने जशा हॉलमध्ये आम्ही कधी बसलो नाही, तसाच एक हॉल आज शहरात आम्ही आपणहून भरला आहे. कित्येक जण एकमेकांना पहिल्यांदाच सदेह बघत आहेत. मॅडम, तुम्हाला उदंड आयुष्य आणि ठणठणीत प्रकृती लाभो. शंभरी गाठा, आणि त्याही दिवशी ड्रॉइंग करा. आम्ही चूक काढू, तुम्ही शाब्बास म्हणा.