पेशीच्या दारातली पहारेकरीण

श्रीधन्वंतरीला वंदन करून लिहितो. सौ.च्या स्तनाच्या कर्करोगाची आजची तपासणी निर्मळ आली, हेच निमित्त.

आजार परतू नये म्हणून रोज घ्यायची गोळी ती एकादशीला, उपास मोडेल म्हणून, घेतच नसे, हे तिने डॉक्टरीणबाईंना सहज सांगितले. मी दचकलो.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजी, हार्मोन पेशीच्या दाराशी येऊन 'वाढ' असा निरोप देतं. ही गोळी ते दार अडवून बसते. तिला सुट्टी कशी चालेल?"

"म्हणजे पहारेकरीणच की! मग तीर्थाबरोबर घेत जाईन," ही म्हणाली. दोघी हसल्या.

ज्या ईश्वराने इवल्याशा पेशीलाही ऐकण्याची शक्ती दिली, त्यानेच नको तो निरोप अडवण्याची बुद्धी माणसाला दिली, या विचाराने मन भरून आले.

वाचकहो, आपल्या घरी सर्वांना आरोग्याचेच निरोप पोहोचोत.