राहीबाईंचा ळ

पाटणजवळच्या गावात राहीबाई साळुंखेंना ओळखतात ते त्यांच्या भरतकामावरून. शाळा सातवीपर्यंतच झाली; पण शिवणाच्या बाईंनी दोसुतीच्या कापडावर फुलीचा टाका शिकवला, तो हातात बसला तो बसलाच.

त्यांचे यजमान नाथाजी फौजेत होते, बिनतारी संदेशाच्या सिग्नल विभागात. सत्त्याऐंशी साली रजेवर येताना त्यांनी एका साहेबांकडून जुना होम कॉम्प्युटर विकत आणला. तो टीव्हीला जोडायचा, टेपमध्ये कॅसेट घालायची. बराच वेळ किरकिर झाली की प्रोग्राम पडद्यावर यायचा. लहान मुलांना अक्षरं शिकवणारा प्रोग्राम करायचं नाथाजींच्या मनात होतं, पण त्या यंत्राला मराठी ठाऊक नव्हतं. एकेक अक्षर आधी कागदावर बारीक चौकोनांनी रचावं लागे, आणि नाथाजींचा 'क' काही केल्या 'क' दिसेना.

चहा घेऊन आलेल्या राहीबाईंनी कागदावर नजर टाकली. "आवं, ह्यो तर फुलीचा टाका," त्या म्हणाल्या.

सृष्टी तेव्हा पोटात होती. पाय सुजलेले असायचे. दुपारी भिंतीला टेकून त्यांनी आलेखाच्या कागदावर सगळी मुळाक्षरं भरली. 'अक्षरमाळ' तयार झाली. सांगलीतल्या एका कॅसेटवाल्याने सातारा-सांगलीपुरते विक्रीचे हक्क घेतले आणि शाळाशाळांत प्रती विकल्या. वेष्टनावर नाव छापलं नाथाजींचं. पुढे तसले कॉम्प्युटरच राहिले नाहीत, आणि ही गोष्टही मागे पडली.

यंदा दिवाळीनंतर सांगलीहून प्रांजल नावाची मुलगी घरी आली. जुन्या होम कॉम्प्युटरचे प्रोग्राम ती जमवते. एका शाळेच्या भंगारात तिला ती कॅसेट मिळाली होती.

"काका, मला हे इंटरनेटवर ठेवायचंय, कुणालाही फुकट घेता येईल असं," ती म्हणाली. "कॅसेटवाल्यांचे हक्क दहा वर्षांचे होते, ते कधीच संपले. आता तुमची लेखी परवानगी हवी."

"माझी निम्मीच," नाथाजी म्हणाले. "अक्षरं हिची हायती."

प्रांजल राहीबाईंकडे वळली. "मग काकू, तुमचीही सही लागेल."

"मी न्हाई देत," राहीबाई म्हणाल्या.

नाथाजींना काही उमगेना. "का गं?"

"त्यातला ळ चेपलाय. तुमची रजा संपत आलीवती, घाई झाली. ऱ्हायला तसाच. आता जगाला दावायचा व्हय?"

प्रांजलने लॅपटॉपवर 'अक्षरमाळ' सुरू केली. ळ आला. खरंच, त्याचं उजवं वेटोळं दबलेलं होतं. खाली लिहिलं होतं 'बाळ', शेजारी चौकोनी चौकोनी पाळणा. राहीबाई पडद्याजवळ सरकल्या आणि बघत राहिल्या.

"सृष्टी ह्याच ळ वर शिकली," नाथाजी हळूच म्हणाले. "पहिलीत असाच काढायची, उजवीकडं चेपून. बाईंनी मला शाळंत बोलावलं. मी म्हटलं, राहू द्या, आईचं वळण हाय."

"हे कवा बोलला न्हाईत मला."

"तुला वाईट वाटलं असतं."

राहीबाईंनी पदराने चष्मा पुसला. तो बराच वेळ पुसत होत्या.

"काकू, मूळ प्रोग्राम मला बदलता येणार नाही, तो होता तसाच ठेवायचा," प्रांजल म्हणाली. "पण तुम्ही नवा ळ काढून दिलात, तर दुरुस्त प्रत वेगळी ठेवीन. दोन्ही राहतील."

"फुकटच वाटणार न्हवं? कोण इकणार न्हाई?"

"नाही. परवानगीत तसंच लिहू."

"मग घे सही. आन् कागद दे, चौकोनाचा."

जेवणं उरकल्यावर त्यांनी ळ काढला, खोडला, पुन्हा काढला. प्रांजलची बस चुकली. ती मुक्कामालाच राहिली.

महिन्याभराने पुण्याहून सृष्टीचा फोन आला. "आई, तुमची 'अक्षरमाळ' दिसतेय गं मला इथं इंटरनेटवर. नाव तुझं पहिलं आहे, मग बाबांचं."

राहीबाईंनी नाथाजींकडे पाहिलं. ते पेपर वाचत असल्यासारखं करत होते.

"ह्यांनीच त्या पोरीला सांगितलं असंल," त्या फोनवर म्हणाल्या. आणि मग, आवाज जरा सावरून, "तू जेवलीस का?"