सुमनचं उभं राहणं

हा लेख मी लिहिणार नव्हते. डॉ. यशवंतरावांचा पंच्याहत्तरीचा सत्कार होऊन गेला, गौरवग्रंथ अजून निघतोच आहे. त्याची मुद्रितं माझ्याकडे तपासायला आली. डॉक्टरांनी लुळ्या सुमनला वीज देऊन चालतं केलं, असं त्यात एकाहून अधिक जणांनी ठोकून दिलं आहे. सुमन लुळी कधीच नव्हती. म्हणून लिहिणं भाग पडलं.

डॉक्टरांची माझी ओळख दौंडची. फिजिओथेरपीच्या कामासाठी मला बोलावून ते स्वतः उशिरा आले. वाटेत कुणा पेशंटचं ऐकत थांबले होते. पुढे शिरूरच्या दवाखान्यातही तेच. बाहेर रांग, आत डॉक्टर एकाचंच ऐकताहेत.

सुमन कारेगावची. रांजणगावच्या कंपनीत तिला उभ्यानं काम. चालताना काही होत नसे. जागच्या जागी उभी राहिली की पाय थरथरत. कंपनीत ती कामचुकार ठरली. घरी सासऱ्यांसमोर सुनेनं बसायचं नाही, म्हणून ती येरझाऱ्या घाली. तो उद्धटपणा ठरला. तिला माहेरी धाडायचं ठरलंच होतं.

डॉक्टरांनी व्हरांड्यात तिच्याबरोबर चालत चालत हकिगत ऐकली. रांग कुरकुरत होती, मीही टोकलं. मग तिला उभं करून त्यांनी मांडीला स्टेथोस्कोप लावला आणि नळ्या सोबत आलेल्या सासऱ्यांच्या कानात दिल्या.

"काय ऐकू येतंय, आबा?"

"लांबून हेलिकॉप्टर चाललंय जनू."

"उभं राहिलं की स्नायू इतक्या वेगानं थरथरतात, त्याचा आवाज. हे सोंग नाही. नसांचा दुर्मिळ आजार आहे."

आबांनी नळ्या काढल्या. सुनेला म्हणाले, "बस बाई तू."

गोळ्यांनी गुण आला नाही. पुण्याच्या सर्जनांनी मणक्यात मज्जारज्जूजवळ बारीक तार आणि कमरेपाशी कातडीखाली त्या तारेला सौम्य वीज देणारी बॅटरी बसवली. आजार जाणार नाही, गुण आलाच तर थोडा वेळ उभी राहील, हे डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं. तेवढा वेळ तिला मिळाला. कंपनीनं बसून करायचं काम दिलं, तेही डॉक्टरांनी तिथं हेलपाटे घातल्यावर.

चमत्काराच्या गोष्टी खोडून काढा, असं मी त्यांना कितीदा सांगितलं. म्हणतात, "तुम्हीच लिहा, बाई. तुम्हाला रागावता येतं."

लिहिलं. डॉक्टरांना निरोगी, भरपूर आयुष्य मिळो, आणि त्यात एखाद्या दिवशी तरी ते वेळेवर येवोत.

सत्काराची नोंद कुणीच नीट केलेली नाही, ती अशी: डॉक्टरांच्या हाती दिलं ते घोंगडी एक, नारळ एक. देणारी सुमन. तिच्यासाठी खुर्ची ठेवली होती. आबांनी ती उचलून बाजूला नेली. तिनं उभं राहून दिलं.