पेशीबाई पुन्हा लस घेतात

नवीन माणूस भेटला की पेशीबाई आधी विचारायच्या, "लहानपणी काय काय झालं होतं तुला?" गोवर, गालगुंड असं काही ऐकलं की त्यांचा चेहरा खुलायचा. मुरबाडच्या कॉलेजात त्या आम्हाला जीवशास्त्र शिकवायच्या.

रोगाशी लढणारी प्रतिपिंडं बनवणारी पेशी त्यांची विशेष लाडकी; त्यावरूनच आम्ही त्यांना पेशीबाई म्हणायचो. "आखाडात मटणाची नळी चोखता ना? तसाच मगज आपल्या हाडांत असतो. गोवर बरा झाला की या पेशी तिथे मुक्कामाला जातात. शेजारच्या पेशी त्यांना जगवतात, म्हणून त्या वर्षानुवर्षं टिकतात. एकट्या पडल्या, तर चार दिवसांत खलास!"

पुढे त्याच जातीची एक पेशी बाईंच्या मगजात बिघडली आणि बेसुमार वाढत सुटली. कॅन्सर. "लाडावल्याचा परिणाम," बाई म्हणाल्या. मुंबईत जबर औषधांनी मगज रिकामा केला आणि त्यांच्याच साठवलेल्या मूळपेशी परत सोडल्या. बाई वाचल्या, पण लहानपणापासूनची प्रतिकारशक्ती बरीचशी धुऊन निघाली. गर्दी बंद, वर्ग बंद. शहापूरच्या घरी आम्ही जुने विद्यार्थी दारातूनच डबा द्यायचो.

काही महिन्यांनी बाळांच्या लसी नव्याने घ्यायची वेळ आली. मी त्यांना मुलांच्या डॉक्टरांकडे नेलं. बाकावर नातवाला घेऊन एक आजी बसली होती.

"तुझा पोर कुठं गो, बाय?"

"पोर नाही. मलाच टोचायचंय."

"या वयात?" आजीने रडणाऱ्या नातवाला हलवलं. "बघ रे, एवढी मोटी बाय, पन रडते का?"

सुई टोचताच बाई "आई गं!" म्हणून अशा ओरडल्या, की नातू रडायचाच थांबला.

गोवराची लस मात्र जिवंत विषाणूची. तिच्यासाठी दोन वर्षं थांबावं लागलं. त्या काळात बाईंनी घरच्या मांजराला सगळं जीवशास्त्र शिकवून टाकलं. शेवटी डॉक्टरांनी तपासून ती लस दिली, आणखी काही दिवस थांबवलं आणि मग वर्गात जायला परवानगी दिली. त्या सकाळी बाई माझ्या स्कूटरवर बसल्या आणि म्हणाल्या, "मुरबाड. आणि हळू चालवू नकोस."

बाई वर्गात शिरल्या तशी मुलं उभी राहिली. तेवढ्यात पहिल्या बाकावरची मुलगी जोरात शिंकली आणि घाबरून तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. सगळा वर्ग बाईंकडे बघत राहिला.

"शिंक गं, मनसोक्त शिंक," बाई म्हणाल्या आणि त्यांनी खडू उचलला.