थोमा तेव्हा घरात नव्हता

आमच्या मजल्यावर समोरासमोर दोनच दारं. एक माझं, एक कुलूपवाल्या भाऊजींचं. दुसऱ्याच्या दाराला कुलूप बसवलं की ते स्वतः ओढून बघतात, मग गिऱ्हाइकाला ओढायला लावतात, मग परत स्वतः. दूध ताजं आहे म्हटलं तरी आधी वास घेणार. म्हणून मी त्यांचं नाव पाडलं 'थोमा'. येशू कबरेतून उठला म्हणता? जखमेत बोट घातल्याशिवाय मी मानणार नाही, म्हणणारा तो थोमा. भाऊजी रागावले नाहीत. तो निदान स्पष्ट बोलला, म्हणाले.

त्यांची बायको गेली तेव्हा ते घरात नव्हते. कुणाची तरी म्हातारी आई न्हाणीघरात अडकली होती, ते दार उघडायला गेले होते. बायकोजवळ मी एकटीच. ते आल्यावर मी सांगितलं, ती शेवटी हसली आणि म्हणाली, "त्याला सांगा, मी रागावले नाही. अर्धं काम टाकून आला असता तर रागावले असते."

त्यांचा विश्वास बसला नाही. बसणार कसा? साक्षीदार कोण, तर मी! राईचा पर्वत करण्यात माझा हात कुणी धरणार नाही, हे इमारतीतलं मांजरही सांगेल. शिवाय रागावल्याशिवाय त्या बाईचा दिवस कधी मावळला नव्हता. वहिनी, तुमचं मन मोठं आहे, पण राहू द्या, म्हणाले.

मग ते घर मुकं झालं. पूर्वी त्यांच्या भांडणावर माझी भाजी चिरून व्हायची. आता एकच ताट घासल्याचा आवाज, आणि नळ बंद.

चर्चमध्ये बायबल वाचनाची पाळी त्यांची. एका रविवारी नेमका थोमाचाच उतारा आला. येशूचे शिष्य घाबरून दारं लावून बसले होते, येशू त्यांच्यामध्ये येऊन उभा राहिला; थोमा मात्र तिथे नव्हता. इथे भाऊजी अडले. फादर खाकरले. मग त्यांनी पुढचं वाचलं. येशू पुन्हा आला, हात पुढे केले, आणि थोमानं त्याला आपला प्रभू, आपला देव म्हटलं.

संध्याकाळी ते माझ्या दारात. आत या म्हटलं तर येईनात. म्हणाले, थोमा पुढे परमुलखात जाऊन हेच सांगत फिरला, भाल्यानं मारला गेला म्हणतात. पण त्या दिवशी तो कुठे होता, हे कुणी विचारत नाही. कामावर असेल बिचारा. मग म्हणाले, "वहिनी, त्यानं बोट घातलं असं लिहिलेलंच नाही. आज वाचताना दिसलं. पुन्हा सांगा ती काय म्हणाली. पदरचं घालू नका."

मी सांगितलं, जसंच्या तसं.

पुढचा दात पडल्यापासून ती हसताना तोंडावर हात धरायची. त्यांनी विचारलं, "हात धरला होता?"

"नाही. हात माझ्या हातात होता."

ते माझ्या हाताकडे बघत राहिले. त्यांचा हात जरासा पुढे आला, मग मागे गेला. "बरं," म्हणाले आणि निघाले.

पटलं का, हे मी विचारलं नाही. मी, आणि न विचारता राहिले! थोड्या वेळानं पलीकडून हुंदका ऐकू आला. ती गेल्यापासूनचा पहिलाच. मी चहा टाकला, दोन कप काढले, पण त्यांचं दार वाजवायचं धाडस झालं नाही.